लोहाऱ्याचे सदतीस बिंदू

अम्मीच्या गालावरचा मस फोटोतून नाहीसा झाला होता. खरं तर यावर तरन्नुमला हसू यायला हवं होतं. सकाळचे दहा वाजलेले, धाराशिवच्या घरात पंखा कुरकुरतोय, आणि अम्मी, खातूनबी, पासपोर्टच्या फॉर्मसाठी काढून आणलेला फोटो एकदा लांब धरून, एकदा नाकाजवळ आणून बघतायत. “मेरा मस्सा कां गया गे?” त्यांनी विचारलं. साठ वर्षं डाव्या गालावर हरभऱ्याएवढा ठाण मांडून बसलेला मस होता तो. तरन्नुमचे अब्बा, चाँदपाशा, हयात असताना रागावले की बायकोला ‘मस्सेवाली’ म्हणायचे, आणि लाडात आले तरी तेच म्हणायचे. फॉर्मवर ओळखीच्या खुणेच्या रकान्यात कालच तरन्नुमनं स्वतःच्या हातानं ‘डाव्या गालावर मस’ असं लिहिलं होतं. फोटोतली बाई मात्र गुळगुळीत, गोरीगोमटी, दहा वर्षांनी लहान होती, आणि कुणाची कोण लागत होती देव जाणे. “लोहाऱ्यात खाला के घर गई थी ना, वहीं निकाली. तेरेच पहचान का है ना वो फोटोवाला, रेवणसिद्ध? भला आदमी है, पर मेरा मस्सा खा गया,” असं म्हणून खातूनबी खदाखदा हसल्या. तरन्नुमनं फोटो त्यांच्या हातून घेतला, गंमत म्हणून समोरच्या उघड्या लॅपटॉपच्या पडद्याला टेकवला, आणि तिच्या काळजात चर्र झालं.

पडद्यावर एक रेघ होती. डावीकडून सावकाश चढत गेलेली, मध्ये शेंडा, आणि उजवीकडं तितक्याच सावकाश उतरलेली. छत्तीस वर्षांच्या तरन्नुमनं आयुष्याची नऊ वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत बसून असल्या रेघा बघण्यात घालवली होती. तिच्या कामाचं शास्त्रातलं नाव भारदस्त आहे, गुरुत्वीय सूक्ष्मभिंग. पण अम्मीला तिनं ते एकदा भाकरीच्या परातीशी बसून सांगितलं होतं. लांबच्या एखाद्या ताऱ्यासमोरून जवळचा, आपल्याला न दिसणारा दुसरा तारा जातो. जाताना आपल्या वजनानं मागच्याचा उजेड वाकवतो, गोळा करतो, आणि मागचा काही दिवस उगाचच तेजस्वी दिसतो. पुढचा निघून गेला की मागचा पुन्हा होता तसा. आता त्या जाणाऱ्याच्या कडेवर एखादा ग्रह असेल, तर त्या चढउताराच्या रेघेवर काही तासांपुरता एक छोटा उंचवटा उमटतो. तेवढ्यावरून ओळखायचं की तिथं, हजारो प्रकाशवर्षांवर, एक ग्रह आहे. ते दोन तारे पुन्हा तसे एका ओळीत कधी येत नाहीत. खातूनबींनी पीठ मळता मळता सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, “एक बार दिखा और गया, तो लोगां तेरा यकीन कायको करना?” पुण्यात मोठमोठ्या परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांपेक्षा तरन्नुमला तो प्रश्न जास्त दिवस पुरला. यकीन करायचं ते बघणाऱ्यावर, दुसरं काय. बघणाऱ्यानं जे दिसलं तेच सांगितलं, एवढ्या एका गोष्टीवर तिचं सगळं शास्त्र उभं होतं.

मागच्या मे महिन्यात धनू राशीकडं, आकाशगंगेच्या गाभ्याजवळच्या गर्दीत एक तारा असाच चढायला लागला. शेंड्यावर पोचायच्या दिवशी चिलीतल्या दुर्बिणीचे पहाटेचे शेवटचे दोन बिंदू रेघेच्या किंचित वर आले, आणि तिथं उजाडलं. पुढची पाळी ऑस्ट्रेलियाची, तर तिथं ढग. मग आफ्रिकेची, तर तिथलं यंत्र नेमकं त्याच दिवशी बंद. चिलीत पुन्हा अंधार पडेपर्यंत तारा शहाण्यासारखा रेघेवर परत आलेला. मधल्या बारा तासांत उंचवटा आला की नाही, जगात कुणी बघितलंच नाही. कुणी म्हणजे, एक माणूस सोडून. लोहाऱ्यात फोटो स्टुडिओच्या गच्चीवर दहा इंची दुर्बीण आणि कॅमेरा लावून तोच रेवणसिद्ध, बावन्न वर्षांचा गृहस्थ, त्या रात्री पहाटेपर्यंत बसला होता. हौशी माणूस. तीन वर्षांपासून तरन्नुमच्या गटाला मोजमापं पाठवायचा. त्याचे त्या रात्रीचे सदतीस बिंदू आले, आणि सदतीसच्या सदतीस रेघेवर. उंचवटा नाही. म्हणजे ग्रह नाही, म्हणजे चिलीचे ते दोन बिंदू नुसतीच गफलत. गटप्रमुख शिवप्रसाद सर म्हणाले, “सोड आता, तरन्नुम.” तिनं सोडलं. त्या दिवशी संस्थेच्या बाथरूममध्ये नळ मोठा सोडून ती रडली होती, हे काही तिनं कुणाला सांगितलं नाही. पेपर लिहून झाला: अमुक तारा, ग्रह आढळला नाही, पुरावा म्हणून लोहाऱ्याचे सदतीस बिंदू. येत्या सोमवारी तो पाठवायचा होता. लेखकांच्या चाळीस नावांत अडतिसावं नाव रेवणसिद्धचं होतं, आणि ते कळल्यावर त्यानं म्हणे अख्ख्या लोहाऱ्यात पेढे वाटले होते.

आणि आता अम्मीच्या गुळगुळीत गालाशेजारी ते सदतीस बिंदू हाताची घडी घालून बसलेले तिला दिसत होते. मे महिना. लोहाऱ्यातली गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर धग सोडत असतो. वरची हवा थरथरते, तारे थरथरतात. चांगल्या मोठ्या दुर्बिणीचे बिंदूसुद्धा रेघेच्या वर-खाली सांडतात, आणि हे दहा इंची दुर्बिणीचे बिंदू इतके गुणी कसे? नऊ महिने रोज तिनं हे चित्र बघितलं होतं. पोरगं फार शांत बसलं की आई आधी जाऊन बघते, एवढी साधी अक्कल तिला कशी सुचली नव्हती? तिनं घाईघाईनं त्याचे जुने बिंदू काढले, आधीच्या दहा ताऱ्यांचे. सगळे तसेच. पहिल्या काही महिन्यांचे तेवढे विस्कटलेले, आणि मग एका तारखेपासून पुढं एकदम सुतासारखे सरळ. ती तारीख तिनं वाचली, आणि तिचे कान तापले. तिनं लॅपटॉप मिटला. “अम्मी, मी लोहाऱ्याला जाऊन येते.” खातूनबींनी चष्म्यावरून बघितलं. “मेरा मस्सा लाने?” “हौ,” तरन्नुम म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

तुळजापूर मागं पडलं तरी तिच्या डोक्यातली ती तारीख काही खाली उतरेना. एसटीच्या खिडकीतून ज्वारीची ताटं दिसत होती, कणसं भरत आलेली. तीन वर्षांपूर्वीची फेब्रुवारी होती ती. धाराशिवच्या एका कॉलेजात तिनं हौशी मंडळींसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. आपल्या गावात, आपल्या लोकांत, आपण शिकलेलं सांगायचं म्हणून किती मिरवत आली होती ती! दुसऱ्या दिवशी चाळीस जणांसमोर तिनं रेवणसिद्धचा आलेख पडद्यावर लावला. बिंदू चौफेर सांडलेले. आणि ती म्हणाली, “अण्णा, हे तारे मोजलेत का ज्वारी फोकून पेरलीय?” सभागृह हसून लोटपोट. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल तर रेवणसिद्ध. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून हसला. तिला तेव्हा बरं वाटलं होतं, माणूस कसा खिलाडू आहे म्हणून. नंतर तिनं वेळेच्या नोंदी, कॅमेऱ्याची बैठक, काय काय समजावून सांगितलं, पण लोकांना लक्षात राहिली ती ज्वारी. आठवड्याभरात त्याचे बिंदू सुधारले. तिनं त्याला लिहिलं, शाब्बास अण्णा. आता खिडकीशी बसून तिला ते ‘शाब्बास’ आठवलं. तिलाही पुण्यात पहिल्या वर्षी हसले होते. ‘न्हाय’ म्हणाली म्हणून, ‘कुठं’ म्हणाली म्हणून. त्या रात्री खोलीत आरशासमोर उभं राहून तिनं शंभर वेळा ‘नाही’ म्हणून बघितलं होतं. आपल्याला काय झालं होतं ते ठाऊक असून आपण तेच दुसऱ्याला केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची?

नळदुर्ग आलं, गेलं. जळकोटला उतरून ती लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं तिला दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवलं आणि आणखी चार माणसं भरल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून तो पान खायला गेला. तिथं, घाम पुसत बसल्या बसल्या, तिनं स्वतःला एका विचारात रंगेहाथ पकडलं. ती मनातल्या मनात दुवा मागत होती, की या माणसानं लबाडी केलेली असू दे. कारण त्यानं बिंदू हलवले असतील तर खाली काहीतरी झाकलेलं असेल, आणि झाकलेलं असेल तर तिचा ग्रह अजून जिवंत असेल. आणि त्यानं काहीच केलं नसेल, सरळमार्गी माणसाला एकदा निरभ्र, थंड रात्र मिळाली असेल, तर ग्रह मेला तो मेलाच. एका भल्या माणसाचं नाव मातीत जावं म्हणून आपण हात पसरतोय! शिवप्रसाद सरांना कळलं तर ते एका ओळीत निकाल लावतील: लोहाऱ्याचा सगळा डेटा बाद. अकरा तारे, तीन वर्षांची जागरणं, पेढे. आणि गप्प बसावं, सोमवारी पेपर जाऊ द्यावा, तर सगळ्यांचंच भलं. ग्रह नसल्याचा पेपर कोण मन लावून वाचतो? पण तो तिथं असेल तर? कुणी न बघितलेला, आपल्या वाटेनं फिरणारा, आणि त्याच्याबद्दल जगात एकच वाक्य लिहिलेलं, तेही ‘नाही’ म्हणून, आणि खाली तिची सही. शेजारची म्हातारी म्हणाली, “पोरी, बरं वाटंना व्हय? पाणी पी.” तरन्नुम तिच्या बाटलीतलं पाणी प्यायली. तिला खरंच बरं वाटत नव्हतं.

लोहाऱ्याच्या बाजारपेठेत, तहसीलच्या वाटेवर तो स्टुडिओ होता. काचेत नवरानवरीचे फोटो, सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या. रेवणसिद्ध स्टुलावर बसून कुणाच्यातरी बारशाचा अल्बम चिकटवत होता. कपाळाला भस्माची आडवी बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, शर्टाच्या खिशात चष्मा. तिला बघून तो इतका घाईनं उठला की अल्बम खाली पडला. “मॅडम! अवो फोन तरी करायचा! पार्वती, ए, बघ कोण आलंय!” आतल्या दारातून त्याची बायको पार्वतम्मा आली, कानडीत “बर्री, बर्री”, या, या, म्हणत तिनं तरन्नुमचा हात धरून खुर्चीत बसवलं आणि चहाचं आधण ठेवायला गेली. भिंतीवर तिच्या संस्थेचं आभाराचं पत्र चौकट करून लावलेलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं तिनं जीपमध्ये ठरवलं होतं. पण आता ती त्या चौकटीतलं पत्रच पुन्हा पुन्हा वाचत बसली. “अम्मींचा फोटो बघितला?” त्यानंच हौसेनं विचारलं. “बघितला, अण्णा. त्यांचा मस कुठं गेला?” रेवणसिद्ध लाजल्यासारखा हसला. “काढला की. बाईमाणूस, हजला-उमऱ्याला जायचं, चांगलं दिसायला नगं का? माझ्या हातून कुणी वाईट दिसलेलं मला न्हाय खपत, मॅडम. तीस वर्षं झाली, डाग काढल्याबिगर फोटो हातात द्यायचा न्हाय, हा आपला नेमच हाय.” आणि मग तरन्नुमला पुढचं विचारणं सोपं गेलं. “आणि ताऱ्यांचे डागही काढता का, अण्णा?”

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा त्याच्या तोंडावर भीती नव्हती, हे बघून तिला आणखीच वाईट वाटलं. कारागिराला त्याची युक्ती विचारावी तसा तो खुलला. संगणक सुरू करून त्यानं दाखवलंच. आधी मोजायचं. मग तुमच्या गटाची रेघ वेबसाइटवर आलेली असते, ती घ्यायची. आपले बिंदू तिच्यावर ठेवायचे. जे बसले ते बसले. जे इकडं-तिकडं गेले त्यांना उचलून जागेवर बसवायचं. “म्हंजे खोटं न्हाय, मॅडम. साफ. तुमची रेघ म्हंजे खरा चेहरा. आमचं काय, धूळ, गरम हवा, स्वस्तातला कॅमेरा. त्यो सगळा डाग आमचा, ताऱ्याचा न्हवं. मोठमोठ्या लोकांनी काढलेली रेघ चुकंल का? आपलंच चुकलं असणार.” तरन्नुमनं हातातला कप खाली ठेवला. “आणि त्या रात्री, अण्णा? मे महिन्यातल्या?” रेवणसिद्धनं कपाळावर हात मारला. “त्या रात्री तर लई छळलं बगा! एक बी जागंवर बसंना. सगळेच वर चढून बसलेले.” “वर?” “वर. मला वाटलं ढग आला असंल.” ढगानं तारा कधी उजळत नाही, अण्णा, असं ती म्हणणार होती, पण त्याआधी तिला दुसरंच विचारायचं होतं. “सगळे वर होते? खाली एकही नाही?” “असंल एखाददुसरा. पर लई वर. बसून एकेकाला धरून खाली आणला. दोन दिवस लागले. म्हटलं, मॅडमच्या म्होरं असलं काय पाठवायचं?”

पार्वतम्मा दारात उभी होती. तिला ग्रहतारे काही कळत नव्हते, नवऱ्याचा आवाज कळत होता, आणि समोरच्या पोरीचा पांढरा पडलेला चेहरा. ती एकदम म्हणाली, “त्या धाराशिवच्या मिटिंगीवरनं आले तवा दोन दिस जेवले न्हाईत, ठाऊक हाय का तुमाला? ज्वारी फोकून पेरली म्हणं. हिते येऊन मला हसत हसत सांगितलं, आन् भाकरी तशीच ठेवून उठले.” “गप गं,” रेवणसिद्ध म्हणाला. बारशाच्या अल्बमचा डिंक त्याच्या बोटांवर वाळला होता, तो खरवडत बसला. तरन्नुमला वाटलं, आता रडू नये, रडलो तर हा बिचारा आपलीच समजूत काढत बसेल. “अण्णा,” ती म्हणाली, “चूक माझी हाय.” पुण्याचं ते घोटून घोटून शिकलेलं ‘आहे’ कुठंतरी पडून गेलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. “त्या दिवशी तुमचे बिंदू बरोबर होते. सांडलेले होते, पर खरे होते. गरम हवेत तसेच येतात. मला ते सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं, की बघा, प्रामाणिक मोजमाप असं दिसतं. त्याच्याऐवजी म्या तुमची थट्टा केली. रेघ आमचा अंदाज असतो, अण्णा. ती बिंदूंवरनं काढायची असते. तुम्ही बिंदू रेघेवर बसवले, मग रेघ चुकली हे आम्हाला सांगणार कोण?”

बाहेरून कुणीतरी “अण्णा, आधारचा फोटो पायजे” म्हणून डोकावलं, तर पार्वतम्मानं त्याला हातानंच वाटेला लावलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. “म्हंजे म्या तुमचा ग्रह पुसला,” रेवणसिद्ध शेवटी म्हणाला. “असेल तर. आहे का नाही, अजून कुणालाच ठाऊक नाही. मूळ फोटो आहेत का, अण्णा? कॅमेऱ्यातून आले तसे? न शिवलेले?” हे विचारताना तिला कॅमेऱ्यातल्या कार्डांची भीती वाटत होती. कार्डं पुसली गेली असतील. तीच कार्डं हळदीला, तीच वरातीला. नऊ महिन्यांत त्यांच्यावरून किती लग्नं गेली असतील! रेवणसिद्ध मात्र जरा दुखावल्यासारखा बघत राहिला. “मॅडम, फोटोवाला कधी मूळ फोटो टाकत असतोय व्हय? दहा वर्षांनी बी लोक येतात, आमची आजी गेली, लग्नातली फाइल द्या म्हणून.” तो उठला. कपाटात हार्ड डिस्कची चवड होती, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्यानं बोट फिरवत एक काढली. चिठ्ठीवर तारीख होती आणि खाली लिहिलं होतं: वीरप्पांच्या घरी साखरपुडा, आणि आकाश. तरन्नुमला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि या वेळी तिनं ते पुसले नाहीत.

फाइल्स होत्या. सदतीस. प्रत्येकीवर कॅमेऱ्यानं घातलेली वेळ, सेकंदासकट. “तुमी बसा हिते आन् मोजा,” त्यानं खुर्ची सोडली. “मला आता ह्याला हात लावू वाटंना.” तिनं मान हलवली. हे तिनं डिस्क संगणकाला लावल्या क्षणीच ओळखलं होतं, की आपण मोजायचं नाही. तीन वर्षं, छे, नऊ वर्षं तिला असा एक ग्रह हवा होता. कुठल्या खुणेवर बोट ठेवलं की आकडा किंचित वाढतो, हे तिच्या हाताला पाठ होतं, आणि तिचा हात आज तिच्या ताब्यात नव्हता. “मला लई पाहिजे हाय तो, अण्णा, म्हणून मी नको. तुम्ही मोजा. रेघ उघडायची नाही. जे दिसेल तेवढा आकडा सांगा, मी लिहिते. मग या फाइली सगळ्यांना पाठवू, पुण्याला, चिलीला, कोण मागंल त्याला. सगळे आपापले मोजतील.” “आन् माझं नाव?” त्यानं विचारलं. हा प्रश्न विचारायचा धीर त्याला कुठून आला कोण जाणे. तरन्नुमला खोटं सांगता आलं असतं. “झालेलं लिहावं लागेल. आधीचे बिंदू हलवलेले होते, हे लिहावं लागेल. ते का हलले, हेही मी लिहिणार, माझ्या नावानं. सर चिडतील. आधीच्या दहा ताऱ्यांचं पण पुन्हा मोजावं लागेल. नाव राहील का, मला आज सांगता येत नाही. राहावं म्हणून मी भांडीन.” रेवणसिद्धनं चौकटीतल्या पत्राकडं एकदा बघितलं. मग खिशातला चष्मा काढून शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि खुर्ची पुढं ओढली.

शेजारच्या एका ठरलेल्या ताऱ्याच्या मानानं आपला तारा किती पट उजळ, एवढंच मोजायचं होतं. रेघ तरन्नुमला तोंडपाठ होती: ग्रह नसेल तर त्या रात्री आकडा दोनवरून सुरू होऊन पहाटेपर्यंत एक पॉइंट नऊवर यायला हवा. दोनच्या वर जायचं काही कारण नव्हतं. ती मुद्दाम पडद्याकडं पाठ करून बसली. समोर स्टुडिओचा निळा पडदा होता, ज्याच्यासमोर लोहाऱ्यातली निम्मी माणसं कधी ना कधी ताठ बसली असतील. मांडीवर वही. मागून माउसची टकटक ऐकू आली. “दोन पॉइंट एक तीन,” रेवणसिद्ध म्हणाला. तिनं लिहिलं. “दोन पॉइंट शून्य आठ.” लिहिलं. “दोन पॉइंट एक नऊ.” तिचं अक्षर वाकडं यायला लागलं. पार्वतम्मा तिच्याजवळ पाटावर येऊन बसली होती. काय चाललंय ते न विचारता तिनं आपला हात तरन्नुमच्या गुडघ्यावर ठेवला. दोन पॉइंट एक पाच. दोन पॉइंट दोन एक. आकडे सांडत होते, वर-खाली, एकमेकांशी न बोलता, आणि तरी सगळे दोनच्या वर. नऊ झाले, दहा झाले. आता नुसती धूळ किंवा गरम हवा म्हणून चालणार नव्हतं. पेपर सोमवारी जाणार नव्हता, आणि तरन्नुमला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

अकराव्याला माउस थांबला. मग पुन्हा टकटक झाली, पुन्हा थांबली. “काय झालं, अण्णा?” तिनं मान न वळवता विचारलं. रेवणसिद्ध खाकरला. “ह्यो मधीच खाली आलाय. लई खाली. दोनदा मोजला.” तो घुटमळला, आणि मग अगदी हळू, मायेनं म्हणाला, “बाकीचे सगळे वर हायत, मॅडम. ह्याला एकट्याला जरा उचलून घेतो. कुणाला कळायचं न्हाय. तुमचा ग्रह हाय म्हणून म्हणतो.” खोलीत पंखा फिरत होता. तरन्नुमला क्षणभर, अगदी क्षणभर, हो म्हणावंसं वाटलं. वहीतली रिकामी ओळ तिच्याकडं बघत होती. मग ती खुर्चीतच वळली आणि त्या माणसाकडं बघून हसली, सकाळपासून पहिल्यांदा, मनापासून. “न्हाय, अण्णा. हाय तिथंच बसू द्या त्याला. किती आला?”

रेवणसिद्धनं तिच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आकडा सांगितला.

“एक पॉइंट आठ चार.”